पथ्याची परसबाग : कुहीतील पहिल्या वाफ्याचा अनुभव

औषधांच्या पुड्या बांधून झाल्या की त्याच कागदाच्या मागच्या बाजूस आपण पथ्य लिहितो. दुधी, पडवळ, दोडका, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा. हाताला इतका सराव असतो की लिहिताना मन दुसरीकडेच असते. प्रस्तुत लेखकाने कुहीसारख्या तालुक्याच्या गावी अनेक वर्षे हेच केले, आणि लिहून दिलेली भाजी रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचते की नाही याची चौकशी फारशी कधी केली नाही.

ती चौकशी एका रुग्णेनेच करावयास लावली. साठीच्या पुढची बाई, पायांवर शोथ, मंदाग्नी, जुना मलावष्टंभ. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात आलेले कुटुंब. तिसऱ्या भेटीत पथ्याची यादी पुन्हा लिहू लागलो तेव्हा ती म्हणाली, “तुमी लिवून देता साहेब, पण हे भेटते कोठी?” जुन्या गावात तिच्या घरामागे सांदवाडी होती. मुनग्याचे झाड होते, कुंपणावर वालाचा वेल होता, पावसाळ्यात लवकी आणि दोडके विकत घेण्याची वेळच येत नसे. नव्या गावठाणात प्लॉट मिळाला, घर झाले, परंतु मागे जी चिंचोळी जागा उरली तिच्यात बांधकामाचा मलबा पडलेला. आठवड्यातून एकदा बाजारातून आणलेली भाजी तिसऱ्या दिवशी संपे, आणि मग वरण, बेसन, बटाटा. माझी यादी त्या घरात देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलेली होती.

गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यात कुही तालुक्यातील गावे उठली, शेते गेली, त्याचा हिशेब कागदोपत्री झाला. घरामागच्या सांदवाडीचा हिशेब मात्र कोणत्याही मोबदल्यात नीट बसत नाही, कारण तिचे उत्पन्न पैशात मोजले जात नव्हते. वैद्याच्या दृष्टीने पाहता त्या कुटुंबाचे पथ्यच गेले होते.

भाजी कोणती, एवढाच प्रश्न नाही

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या अध्यायात, कोणती पत्रशाके टाळावीत हे सांगितले आहे. जी खरखरीत झाली, जून झाली, कीड लागलेली आहे, आपल्या प्रदेशात झालेली नाही, किंवा जी अकाली उगवली, ती वर्ज्य. या पाच कसोट्यांवर आजच्या बाजारातील जुडी लावून पाहावी. कीड बहुधा दिसत नाही, कारण फवारणी झालेली असते. उरलेल्या चारांपैकी निदान दोनांत ती नापास होते. आपण ‘तांदुळजा’ असे द्रव्याचे नाव लिहितो, परंतु देश, काल आणि अवस्था विक्रेत्यावर सोडून देतो. औषधीद्रव्य खरेदी करताना जो वैद्य संग्रहकाल विचारतो, तोच भाजीच्या बाबतीत काही विचारत नाही, हे मला स्वतःच्या संदर्भात तरी अडचणीचे वाटले.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कुही तालुक्यात सावंगीजवळ कन्हानला मिळते, आणि तेच पाणी पुढे आंभोऱ्याकडे, चैतन्येश्वराच्या पायथ्याशी वैनगंगेच्या जलाशयात जाते. ज्या नदीकाठी सांडपाण्यावर भाजी पिकते तिथली पत्रशाके, विशेषतः कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला, कृमी व अतिसाराच्या रुग्णास निर्धास्तपणे कशी सांगावीत? जुडीवर पाण्याचा पत्ता लिहिलेला नसतो.

नावांचाही घोटाळा असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत कूष्मांड म्हणजे कोहळा. नागपूरकडे मात्र ‘कोहळे’ म्हटले की लाल भोपळा समजतात. कोहळ्याची बोंडे होतात ती त्याचीच. रक्तपित्ताच्या रुग्णास मी कोहळा सांगितला आणि त्याने महिनाभर लाल भोपळा खाल्ला, असे माझ्याकडून घडलेले आहे. दुधीला लवकी, शेवग्याला मुनगा, तांदुळज्याला चवळाई हे फरक पुण्या-मुंबईकडून विदर्भात आलेल्या वैद्यमित्रांनी पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावेत. वाफ्यातील वेल बोटाने दाखवता आला तर हा घोटाळा मुळातच होत नाही.

या सर्वांमुळे चिकित्सालयामागच्या वीस फूट लांब व दहा फूट रुंद अशा पडीक तुकड्यात भाजी लावावयाचे ठरविले. मी शेतकऱ्याचा मुलगा नाही. पहिल्या वर्षी जे झाले ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण नव्याने आरंभ करणाऱ्यास यशापेक्षा तेच उपयोगी पडेल.

पहिला पावसाळा

मृगाचा पहिला पाऊस पडताच कुदळ मारून, जमीन सपाट करून, एका दिवसात नऊ प्रकारचे बी टाकले. वर गोठ्यातून आणलेले ताजे शेण पसरले. आषाढात चार दिवस झड लागली. आपली माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. पालक आणि मेथी पिवळी पडून मुळाशी कुजली. भेंडी वाचली, पण ताज्या शेणामुळे हुमणी झाली आणि उभी रोपे एकेक करून माना टाकू लागली. जे दोडक्याचे वेल वर आले त्यांच्या दोन पानांची चाळणी लाल भुंग्यांनी केली. श्रावण संपेपर्यंत वाफ्यात फक्त तरोटा, घोळ आणि कुरडू राहिले, जे मी लावलेच नव्हते.

शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने कुंपणावरून पाहून सांगितले की जे आपणहून आले तेच खा, बाकीचे दिवाळीकडे पाहू. त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. तरोटा म्हणजे आपला चक्रमर्द, घोळ म्हणजे लोणिका. पावसाच्या आरंभीची तरोट्याची कोवळी पाने या भागात घरोघरी खातात, आणि देश व काल या दोन्ही कसोट्यांवर त्याहून चोख भाजी दुसरी नाही. आम्ही ती खाल्ली. नंतर मात्र धडे घेतले.

पहिला धडा वाफ्याचा. काळ्या मातीत पावसाळी भाजीसाठी गादीवाफा हवा, भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट उंच. रुंदी चार फुटांपेक्षा अधिक नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. हिवाळ्यात उलट करावे, वाफा सपाट ठेवून कडेला वरंबा घालावा, म्हणजे पाणी टिकते. दुसरा धडा खताचा. शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, भुसभुशीत आणि वास न येणारे असेल तेव्हाच घालावे. शंभर चौरस फुटांस आठ-दहा घमेली पुरतात. चिकण मातीत थोडी बारीक रेती आणि पालापाचोळ्याचे खत मिसळले की दोन वर्षांत मातीचा पोत बदललेला हाताला कळतो. एकदम बदलत नाही.

येथे एक विषयांतर. आपल्यातील काही उत्साही मित्र सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजलाचा आग्रह धरतात. हा ग्रंथ सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ साली भाषांतरासह प्रसिद्ध केल्यापासून त्याविषयी कुतूहल वाढले, हे चांगलेच झाले. परंतु मूळ कल्पात मांस, मेद, मज्जा शिजवून मुरवावयाची असते. वस्तीतल्या चिकित्सालयामागे असा माठ ठेवल्यास रुग्ण येणे थांबेल. ग्रंथ वाचावा, आदर बाळगावा, आणि पहिल्या बागेस कुजलेले शेणखत घालावे.

हस्तापासून पुढे

खरी बाग उभी राहिली ती दुसऱ्या प्रयत्नात. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास वाफे भरले. नऊ प्रकारांऐवजी चारच निवडले : मेथी, पालक, मुळा आणि तांदुळजा. नव्या माणसाने येथूनच आरंभ करावा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, मुळा त्याच सुमारास, त्यामुळे धीर येतो. महिन्याभरात मेथी हाती येते, पालकाची पहिली कापणी पस्तीस दिवसांच्या आत होते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढावा. एक दिवसही अधिक ठेवला की मुळ्यात जाळी पडू लागते. बालमूलक आणि वृद्धमूलक यांचे गुण ग्रंथांनी परस्परविरोधी सांगितले आहेत. कोवळा मुळा दोष हरतो आणि जून झालेला तोच तिन्ही दोष वाढवतो, हे वाक्य आपण परीक्षेसाठी पाठ केले. चाळिसाव्या आणि साठाव्या दिवशी एकाच वाफ्यातील मुळा तोडून चाखला तेव्हा ते प्रथम जिभेला समजले.

एक चूक टाळावी. सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. वाफ्याचे चार भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरल्यास कोवळी भाजी फाल्गुनापर्यंत मिळत राहते. सगळे एकदम पेरले तर एका आठवड्यात गावभर वाटावी लागते आणि नंतर वाफा मोकळा.

पाणी सकाळी द्यावे. किडीसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरेसा आहे : पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करावे आणि संध्याकाळी फवारावे. लाल भुंग्यांवर सकाळच्या दवात चुलीची राख धुरळावी. मात्र घरात कापसाच्या किंवा मिरचीच्या फवारणीचा पंप असेल तर तो या कामास कदापि वापरू नये, आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनही पाणी घालण्यास घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच जातीची औषधे आपल्या रुग्णांच्या ओसरीवर ठेवलेली असतात. घरभेटीस गेल्यावर ती कुठे ठेवली आहेत हे मी आता आवर्जून पाहतो.

उन्हाळ्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कोवळी पत्रशाके टिकत नाहीत. वाफ्यावर जुनी साडी ताणून थोडा तांदुळजा वाचवता येतो, बाकीची जमीन तापू द्यावी. माकडे आणि रानडुकरे हा निराळा विषय आहे. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या बाजूच्या गावांत काटेरी कुंपणाशिवाय आरंभच करू नये.

कडू लवकी

आता जो प्रसंग सांगतो तो सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहावयास घेतला. वेलभाज्यांचे बी घरचे धरावे असे माझे मत झाले होते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या आणि इतर भाज्यांच्या गावरान जाती घरी जपल्या, बायफच्या साहाय्याने बीजकोश उभारला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम वाचून उत्साह आलेला होता. पहिल्या चांगल्या वेलावरची एक लवकी वाळवून बी काढले आणि पुढच्या आषाढात लावले. वेल जोमाने मांडवावर चढला. पहिली दोन फळे मी तोडून त्या पुनर्वसित बाईंकडे पाठवली. रस काढून सकाळी घ्यावा, असा निरोपही दिला. स्वतः चाखले नाही.

तिसऱ्या दिवशी तिची सून चिकित्सालयात आली. रस काढण्यापूर्वी तिने फोडीला जीभ लावून पाहिली होती. लवकी जहर कडू होती. तिने दोन्ही फळे उकिरड्यावर टाकली. “आमच्यात कडू लागली तर जनावरालाही देत नाई,” एवढेच ती म्हणाली. शिक्षण विचाराल तर चौथी.

कडू दुधीला आपल्या शास्त्रात नाव आहे. कटुतुंबी, म्हणजेच इक्ष्वाकु. चरकाच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय तिच्याच वमनकल्पांचा आहे. त्याच स्थानात जीमूतक, धामार्गव आणि कृतवेधन हे अध्यायही आहेत. ही सर्व दुधी-दोडका-घोसाळ्यांची कडू भावंडे. म्हणजे ज्या कुळातील फळे आपण पथ्य म्हणून लिहितो, त्याच कुळातील कडू फळे आपल्या आचार्यांनी तीव्र वामक म्हणून, योग्य रुग्ण, योग्य काल आणि मात्रा पाहून वापरावयास सांगितली. हे ज्याला पाठ होते त्या वैद्याने ते फळ न चाखता एका अशक्त वृद्धेकडे पाठवले होते.

आधुनिक शास्त्रात या कडवटपणाचे कारण कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये मानतात. २०१० साली दिल्लीत एका वैज्ञानिकाचा कडू दुधीचा रस घेतल्याने मृत्यू झाला, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. तिचे सांगणे थोडक्यात असे : रस काढण्यापूर्वी फोड चाखावी, कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नयेत, आणि रस घेतल्यावर मळमळ, उलटी, अतिसार किंवा अस्वस्थता झाल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. या विषबाधेवर निश्चित असा प्रतिविषोपचार नाही. रक्ताची उलटी आणि रक्तदाब खालावणे येथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. कारल्याचा रस मिसळण्याची जी प्रथा पडली आहे ती विशेष घातक, कारण कारल्याच्या तिक्त रसाखाली दुधीचा कडवटपणा लपतो. ‘दुधी-कारले रस’ असे एका ओळीत लिहिणे मी बंद केले आहे.

गोड वेलाच्या बियांतून कडू वेल कसा आला, हेही समजून घेतले. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि किडे दूरदूरचे पराग आणतात. आसपास कडू तुंबीचा रानवेल असेल तर त्याच वर्षीचे फळ गोडच राहते, परंतु त्याच्या पोटातील बियांत कडूपणा उतरलेला असू शकतो आणि तो पुढच्या वर्षी प्रकट होतो. शिवाय उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडल्यासही कडवटपणा वाढतो. म्हणून घरचे बी धरणाऱ्याने मादी फुलावर संध्याकाळीच कापडी पिशवी बांधावी, आपल्याच वेलाचे नर फूल हाताने त्यावर फिरवावे आणि तेच फळ बियांसाठी ठेवावे. एवढी खटपट होत नसेल तर दुधी-दोडक्याचे बी विश्वासाचे विकत घ्यावे, आणि वाल, चवळी, मेथी, तांदुळजा यांचे घरी धरावे. विकतच्या बियांचे असो वा घरच्या, प्रत्येक वेलाचे पहिले फळ आणि रसासाठी घेतलेले प्रत्येक फळ चाखावे, हा नियम आमच्या चिकित्सालयात भिंतीवर लिहिलेला आहे.

शाके आणि भावमिश्र

काही वैद्यबंधू विचारतील की भावमिश्रांनी शाकांना रोगांचे वसतिस्थान म्हटले असताना वैद्याने भाजीच्या बागेचा प्रचार का करावा? आक्षेप योग्य आहे. बहुतेक पत्रशाके गुरू, रूक्ष आणि विष्टंभी आहेत. अलीकडे कोशिंबिरी व हिरवे रस यांचे जे वेड आले आहे त्याचे समर्थन ग्रंथांतून निघत नाही. पण चरकाचार्यांनी शाकविधीही दिला आहे : शिजवावे, पाणी पिळून काढावे, पुरेसा स्नेह घालावा. आमच्याकडील बायका चवळाई शिजवून, निथळून, लसणाची फोडणी देतात ते हेच. दुसरे असे की सर्व शाके सारखी नाहीत. चरकांनी शाकांमध्ये जीवंती श्रेष्ठ आणि मोहरीचा पाला निकृष्ट ठरविला. नेत्ररोगात सांगितलेल्या शाकपंचकात जीवंती, वास्तुक, मत्स्याक्षी, तांदुळजा आणि पुनर्नवा येतात. या पाचांतील चार माझ्या वाफ्यात आहेत. मत्स्याक्षीबद्दल निघंटुकारांत मतभेद असल्याने ती सोडली.

प्रमाणाविषयीही फुगवून सांगू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात प्रौढास रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या घरास दीड किलोहून अधिक. दोनशे चौरस फुटांतून ती गरज भागत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा एकेक भाजी निघते, एवढेच. परंतु घरातील एका रुग्णाच्या पथ्यास ती पुरते, आणि आपला संबंध तेवढ्याशी आहे. वृक्कविकारात पालकासारखी शाके आखडती घ्यावी लागतात हे येथे वाचकांस सांगावयास नको.

औषधी दुकानदार मित्रांसाठी दोन शब्द. बाजारात पुनर्नवेच्या नावाने येणाऱ्या सुक्या मालात वर्षाभू किती आणि घेटुळी किती, हा आपला जुना तंटा आहे. दुकानामागे एका कुंडीत खरी घेटुळी आणि दुसरीत वर्षाभू लावून ठेवावी. घेटुळीला गुलाबी-जांभळट फुलांचे झुबके लांब देठांवर येतात, वर्षाभूचे फूल पानाच्या बगलेत एकेकटे बसते. माल देणारा आला की कुंडी दाखवावी. अडुळसा, गुळवेल आणि कोरफड यांना तर जवळजवळ श्रमच लागत नाहीत. स्वरसाची मागणी आल्यास दुकानदार ताजे पान देऊ शकतो. मेथी-तांदुळज्याच्या बियांच्या लहान पुड्या गल्ल्याजवळ ठेवल्यास ग्राहक नेतात, असा कुहीतील अनुभव आहे. त्यात नफा नगण्य आहे.

त्या बाईंच्या घरामागचा मलबा त्यांच्या मुलाने पुढच्या हिवाळ्यात काढला. खाली मुरूम निघाला, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत नदीकाठची गाळमाती आणि शेणखत भरून त्यात पालक व चवळाई लावली. कुंपणाला मुनग्याची फांदी रोवली ती लागली. शोथ औषधाने उतरला. मलावष्टंभाचे श्रेय मी पोत्यांतील चवळाईला देतो, कारण त्या काळात औषध बदललेले नव्हते. जुन्या गावाहून निघताना तिने वालाचे बी एका डब्यात राखेत घालून आणले होते. ते इतकी वर्षे लावलेच नव्हते. गेल्या पावसाळ्यात त्यातले सात दाणे तिने मला दिले. तीन उगवले. शेंगेच्या कडेला जांभळी रेघ आहे, आणि जात कोणती हे अजून कोणी सांगू शकलेले नाही.